मेसच्या काकूंचा सिनेमा

आमच्या मेसच्या काकू दोन बोटं जिभेखाली घालून शिट्टी वाजवायच्या. गल्लीच्या तोंडाशी पोचलेला भाजीचा गाडा त्या शिट्टीवर मागे वळायचा, आणि समोरच्या मुलांच्या वसतिगृहातली पोरं खिडकीत यायची. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला नाही, आणि तोंडात ही शिट्टी. रेणापूरजवळच्या माहेरी ज्वारीवरची पाखरं हाकताना त्या ती शिकल्या होत्या. लग्नानंतर सासूनं तोंड दाबलं, पुढे नवऱ्यानं, नवरा गेल्यावर दिरांनी. काकूंनी कुणाशी वाद घातला नाही आणि शिट्टीही सोडली नाही.

मी मूळची अर्धापूरची. घरी केळीच्या बागा. दहावीला बरे गुण पडले आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून मला डॉक्टर करायचं ठरवलं. त्या ठरवण्यात मी कुठे होते ते आता आठवत नाही. लातूरला क्लास लागला, क्लासजवळच्या मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी राहू लागलो, आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर काकूंची मेस होती. वसतिगृहाच्या मालकांना सगळे सर म्हणत. फोन आठवड्यातून एकदा, वाढदिवस साजरे करायचे नाहीत, सिनेमाचं नाव काढायचं नाही, असे त्यांचे नियम. दर सोमवारी जिन्याजवळच्या भिंतीवर चाचणीची यादी लागायची. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत सगळी नावं त्यात असायची. जेवायला खाली उतरायचं तर त्या यादीसमोरूनच जावं लागे.

काकूंना वेड होतं ते अचाट शक्तीच्या माणसांच्या सिनेमांचं. कुणी एक मुलगी वर्ष संपल्यावर कॉमिक्सचा गठ्ठा मेसमध्ये टाकून गेली होती. रद्दीत घालण्याआधी काकूंनी सहज एक चाळलं आणि मग गठ्ठा रद्दीत गेलाच नाही. दुपारची जेवणं आटोपली की त्या चष्मा लावून एकेक चित्र बोटानं पुढे सरकत वाचायच्या. नंतर मुलानं पुण्याहून जुना फोन पाठवला. तो पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापता थापता त्या हिंदीत केलेले सिनेमे बघायच्या. त्यातली एक मुलगी त्यांची फार लाडकी. ती तळहात पुढे करून काहीही थांबवायची : सुटलेली गाडी, कोसळणारी दरड, पुराचं पाणी. तिचं इंग्रजी नाव काकूंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिला ‘थांबवणारी’ करून टाकलं होतं. शेजारणी हसायच्या, या वयात हे काय पोरांचं बघताय म्हणायच्या. काकू भाकरी उलटत म्हणायच्या, “पोथीत डोंगर उचललेला चालतोय तुमाला. हिनं पूल उचलला की मग खोटं कामून?”

पण काकूंची खरी नजर असायची ती आमच्या ताटांवर. कुणी किती खाल्लं, कुणी भाजी भाकरीखाली लपवली, कुणी नुसतं ताक पिऊन उठलं, हे त्या बोलायच्या नाहीत, पण बघायच्या. आमच्या खोलीतली सारिका चाकूरची. वडील शाळेत शिक्षक, ही एकुलती एक. दिवाळीनंतर भिंतीवरच्या यादीत तिचं नाव खाली उतरत गेलं, तसं तिचं बोलणं कमी झालं आणि मग जेवणं. पाण्याचा पेला घेऊन ती ताटासमोर बसून राहायची. आम्हाला ते दिसत होतं, पण आम्हीही आपापल्या नंबरात अडकलेल्या. खरं सांगायचं तर तिचं नाव खाली गेलं की आपलं एकानं वर जातं, हा हिशेबही माझ्या मनात येऊन गेला होता. एका सकाळी काकूंनी तिच्यासाठी मुद्दाम सुशीला केला. परतलेले मुरमुरे, वरून शेंगदाणे, तिला आवडायचा तसा. तिनं चार दाणे खाल्ले आणि बशी सरकवली. काकू तिच्याशेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि आम्हा तिघींकडे बघून म्हणाल्या, “रविवारी तयार ऱ्हावा. थांबवणारीचा नवा सिनेमा लागलाय.”

आम्ही घाबरलो. देवळात जातो असं सांगावं, असं मी सुचवलं. काकू म्हणाल्या, देवाच्या नावानं खोटं कशाला बोलायचं. रविवारी दुपारी फाटकावरच्या रखवालदाराला त्यांनी सरळ सांगितलं, पोरींना घेऊन सिनेमाला चालले. त्याला ती चेष्टा वाटली. हसून त्यानं फाटक उघडलं.

चित्रपटगृह खचाखच भरलं होतं. पहिलाच आठवडा, मागच्या रांगांत कॉलेजची पोरं, नाव झळकल्याबरोबर कागदाचे तुकडे उडाले. मी आयुष्यात इतका आवाज ऐकला नव्हता. प्रत्येक मारामारीला आरोळी, प्रत्येक जुन्या ओळखीच्या चेहऱ्याला टाळ्या. शेजारचा अनोळखी माणूस आपल्याच घरचं कुणी परत आल्यासारखा उठून उभा राहायचा. मध्यंतरानंतर मात्र सगळं शांत झालं. सिनेमातले मोठे लोक थांबवणारीला समोर उभी करतात, तू आता लायक राहिली नाहीस म्हणतात, आणि तिचा पोशाख काढून घेतात. साध्या कपड्यांत ती रस्त्यावर येते. समोरून धरण फुटून पाणी येत असतं. ती हात वर करते, पण काहीच होत नाही. पुन्हा करते. सबंध थिएटरात कुणी खोकलंही नाही. तिसऱ्यांदा तिनं हात उचलला, पाणी तिच्या बोटांपाशी येऊन उभं राहिलं, आणि त्या शांततेत पहिला आवाज झाला तो काकूंच्या शिट्टीचा.

मग छत कोसळेल असा गदारोळ उठला. पोरं खुर्च्यांवर चढली. माझ्या बाजूला सारिका उभी होती, मुठी आवळून ओरडत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. काय ओरडत होती ते कळत नव्हतं. कित्येक आठवड्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते. काकू शिट्टीवर शिट्टी वाजवत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून बायकांना हे शोभतं का, असं विचारलं आणि बॅटरीवाल्या माणसाला बोलावून आणलं. त्यानं काकूंच्या तोंडावर उजेड टाकून गप बसायला सांगितलं.

काकू म्हणाल्या, “मागं पन्नास पोरं वाजवायलेत. त्यांना गप करून या. मग मी करते.”

तो मागे एकवार बघून निघून गेला. त्या रात्री सारिकानं दोन भाकरी खाल्ल्या आणि उडदाचं घुटं परत मागून घेतलं.

इथवर सगळं छान होतं. पण आजकाल सिनेमापेक्षा सिनेमा बघणारी माणसं बघण्याची हौस लोकांना जास्त. कुणीतरी तो क्षण फोनवर टिपला होता. दोन दिवसांत तो सगळ्या लातूरच्या फोनवर फिरला : विभूती लावलेली, डोक्यावर पदर असलेली बाई शिट्टी वाजवतेय आणि तिच्याभोवती चार पोरी ओरडतायत. खाली हजारो लोकांची शेरेबाजी. काहींनी कौतुक केलं. बऱ्याच जणांनी संस्कार काढले, आणि एकानं आमच्या वसतिगृहाचं नाव लिहिलं.

सरांनी आमच्या वडिलांना बोलावून घेतलं. पुढच्या रविवारी मेसच्या खोलीतच बैठक भरली. माझे बाबा पहाटेच्या गाडीनं निघून केळ्यांची एक फणी घेऊन आले होते. ती कुठे ठेवावी हे न कळून तशीच मांडीवर घेऊन बसले. सरांनी शिस्तीवर बरंच भाषण केलं. वसतिगृहाची बदनामी झाली, पालकांनी विश्वासानं मुली ठेवल्या आणि या बाईंनी त्यांना बिघडवलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते म्हणाले, काकूंनी सगळ्यांसमोर माफी मागावी, मग विषय संपला.

काकू चुलीपाशी उभ्या होत्या. हात पुसत पुढे आल्या.

“माफी न्हाई मागणार,” त्या म्हणाल्या. “मी फाटकावर सांगून गेले, पोरींना दिवसाउजेडी नेलं, दिवसाउजेडी आणलं.” मग त्या सारिकाच्या वडिलांकडे वळल्या. “गुरुजी, तुमची पोरगी महिनाभर जेवत न्हवती. तुमाला कुणी कळवलं का? तिचा नंबर किती आला हे दर सोमवारी कळवायलेत. ताटात किती ऱ्हायलं हे कुणी कळवलं का?”

गुरुजींनी लेकीकडे पाहिलं. बहुधा त्या दिवशी नीट पहिल्यांदा पाहिलं. तिचं मनगट त्यांनी हातात धरलं. मग सरांना म्हणाले, माझी काही तक्रार नाही. सर चिडले. तक्रार असो नसो, महिनाअखेरीस मेस रिकामी करा, म्हणाले. जागा त्यांची होती, ते करू शकत होते. काकूंनी मान डोलावली आणि आलेल्या सगळ्यांना जेवायला वाढलं. सरांनाही. सर न जेवता उठून गेले.

बाबा परत निघताना मी फाटकापर्यंत गेले. रागावतील म्हणून मान खाली घालून उभी होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं की नवी मेस कुठे निघणार आहे. तुझं जेवण तिथंच लाव, म्हणाले.

काकूंनी दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याची एक खोली घेतली. वसतिगृहात दुसरी मेस आली, पण आम्ही चौघी भर उन्हात वह्या डोक्यावर धरून काकूंकडे जायचो. सरांनी आधी दम दिला, मग दुपारचं फाटक बंद ठेवायचा हुकूम काढला. आम्ही फाटकाशी ओळीनं उभ्या राहायचो, काही न बोलता, जेवणाची वेळ टळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी आमच्यामागे अकरा जणी उभ्या होत्या. चौथ्या दिवशी फाटक उघडं होतं.

मी डॉक्टर झाले नाही. सारिकाही नाही. निकाल लागला त्या दिवशी मला काकूंसमोर जायची लाज वाटत होती. त्यांनी बसवून घेतलं, वाढलं, आणि जेवण होईपर्यंत निकालाचं विचारलंच नाही. निघताना म्हणाल्या, “कुणाचं काही चोरलंस का? न्हाई ना? मग मान वर करून गावी जा.” मी गेले. पुढे शिकले आणि आता नांदेडला एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सारिका उदगीरला शिकवते.

गेल्या वर्षी काकूंच्या छातीचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी जिने चढू नका, गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. भेटायला गेले तर त्या लुगडं बदलून तयार. थांबवणारीचा शेवटचा भाग लागला होता. मी सांगून पाहिलं की लोकांना तो मुळीच आवडलेला नाही, सगळीकडे नावं ठेवतायत, लोक मध्यंतरातच उठून जातायत. काकू म्हणाल्या, लोकांनी त्यांच्या डोळ्यांनी बघितला, मी माझ्या बघते. रिक्षा करून गेलो. सगळ्या थिएटरात पंधरावीस माणसं असतील. सिनेमा खरंच फसला होता. मागे दोन पोरं मोठमोठ्यानं जांभया देत होती, थांबवणारी रडली की हसत होती. शेवटी ती पडद्यावर मरते. उजेड झाला, लोक फोन बघत उठले, आणि काकू जागेवर बसून टाळ्या वाजवू लागल्या. एकट्याच. ती पोरं जाता जाता थांबून बघून हसली. काकूंनी त्यांच्याकडे बघत आणखी जोरात वाजवल्या.

बाहेर आल्यावर पायरीवर दम खायला बसलो. मी म्हटलं, “काकू, सिनेमा काही चांगला नव्हता.”

“न्हवताच,” त्या म्हणाल्या. “पण ती पोरगी पडलेल्या सिनेमात बी जीव तोडून काम करायली होती. तिच्यासाठी कुणीतरी वाजवाया पायजे का न्हाई?”

त्यानंतर दीड महिन्यानं काकू गेल्या. रेणापूरजवळ माहेरच्या शेतात त्यांना समाधी दिली. सारिका आणि मी दोघी गेलो होतो. परतीच्या गाडीत मी फोन काढला आणि त्या सिनेमाखाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. नुसती टिंगल, नुसते शिव्याशाप, संपता संपत नव्हते. त्या सगळ्याच्या खाली मी मराठीत लिहिलं, ‘आम्ही लातूरला पाहिला. आमच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या.’

लगेच उत्तरं आली. काकूंना डोळे तपासायला सांगा, काकूंना दुसरं काम नाही का, असली. अजूनही अधूनमधून येतात. दोनदा तर मला तो मजकूर काढून टाक म्हणून घरच्यांनीच सांगितलं.

मी काढलेला नाही.