गाडी नकाशावर दिसते आहे

माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावेल, आणि या प्रकाराला वरून काही लावायची गरजच नाही. चहा घ्या हातात आणि बसा ऐसपैस.

मी विलास. अकोल्यात आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा. जठारपेठेत वर घर, खाली ऑफिस. ट्रक उभे राहतात शहराबाहेर, कारण आमच्या गल्लीत ऑटो वळवायचा म्हटलं तरी शेजाऱ्याला हाक मारून त्याची स्कूटर हलवायला सांगावं लागतं.

आता आमच्या धंद्यात आजवर एकच रीत होती. आपली गाडी कुठे गेली, काय घेऊन गेली आणि रिकामी कधी येणार, हे शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो गिऱ्हाईक पळवेल. मग व्हायचं काय? माझा ट्रक भरून अमरावतीला जायचा आणि रिकामा परत यायचा. त्याच दिवशी दुसऱ्याचा रिकामा जायचा आणि भरून यायचा. दोघे मूर्तिजापूरजवळ एकमेकांना हॉर्न देऊन पुढे जायचे. डिझेल दोघांचंही जळायचं.

मागच्या हिवाळ्यात एक कंपनी अ‍ॅप घेऊन आली आणि आम्हा सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना तिनं एका हॉलमध्ये बोलावलं. सगळ्यांनी आपली माहिती एका ठिकाणी टाकायची. माल पाठवणारा, माल घेणारा, ट्रान्सपोर्टवाले, सगळ्यांना एकच नकाशा दिसणार. कोणाची गाडी कुठे रिकामी आहे ते कळलं की परतीचा माल आपोआप मिळणार. हॉलमध्ये बसलेले आमचे सगळे भाऊबंद तोंड पाडून बसले. मी मात्र पेटलो. उभा राहिलो आणि भाषणच दिलं. म्हटलं, "लपवाछपवीचे दिवस गेले आता. आजपासून माझी गाडी साऱ्या जगानं पाहावी." टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर टाळ्या पडल्या हो, डोकं फिरणार नाही तर काय?

त्यातच अमरावतीच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीनं निरोप पाठवला. तेल्हाऱ्याच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी आणायचं वर्षभराचं काम होतं. अट एकच, गाडी नकाशावर दिसली पाहिजे. पहिली खेप परीक्षेची. ती नीट झाली तर काम आपलं. तिथल्या खरेदी विभागाच्या देशमुख मॅडम फोनवर म्हणाल्या, "आम्हाला गोड बोलणं नको, विलासराव. आम्हाला डेटा हवा." मी म्हटलं, "मॅडम, डेटा म्हणाल तेवढा."

गाडीवर श्रावणभाऊला पाठवायचं ठरलं. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. पण त्याच्याजवळ बटनांचा फोन. मी म्हटलं, "श्रावणभाऊ, नवा मोबाईल घेऊन देतो." तर म्हणे, "मले फोन कानाले पाह्यजे, डोयाले नाही. अन् गाडी चालवताना तर मी तो बंदच ठेवतो."

अ‍ॅपमध्ये नोंदणी करताना विचारलं, चालकाचा मोबाईल नंबर काय? मी माझा टाकला. म्हटलं, काही निरोप आला तर आपल्यालाच कळेल. मग अ‍ॅपनं एकामागून एक परवानग्या मागितल्या. आपण कुठे वाचतो? हो, मान्य, हो, मान्य. लग्नाला होकार द्यायलाही मी एवढी घाई केली नव्हती.

खेपेच्या दिवशी श्रावणभाऊ तेल्हाऱ्याहून उजाडायच्या आत निघाला. मी इकडे अंघोळ करून, नवा शर्ट घालून, पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो. तेवढ्यात मॅडमचा फोन.

"विलासराव, तुमची गाडी जठारपेठेत का उभी आहे?"

मी पोहे गिळले. "जठारपेठेत? नाही मॅडम, ती हायवेवर आहे."

"मी नकाशा पाहतेय. बराच वेळ झाला, जागची हललेली नाही."

मी गॅलरीत गेलो. खाली वाकून पाहिलं. गल्लीत एक गाय उभी होती. गाठींनी भरलेला ट्रक काही दिसला नाही. श्रावणभाऊला फोन लावला, बंद. आता त्यानं गाडी इकडे आणली कशाला? घरी काही विसरला की काय? मी स्कूटर काढली आणि गल्लीबोळ पालथे घालायला निघालो.

जरा वेळानं पुन्हा मॅडम. "निघाली बरं का. पण ही इतक्या अरुंद गल्ल्यांतून का जातेय? आता भाजीबाजारात शिरली."

मी भाजीबाजारातच होतो. मेथीच्या जुड्यांमधून स्कूटर काढत चारी बाजूंना पाहिलं. एका मावशीला विचारलं, "मावशी, इथून ट्रक गेला काय?"

मावशीनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "बापा, इथून सायकल जात नाही."

घरी परतलो तेव्हा माझी बायको मंगला ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिनं नकाशा उघडला होता. म्हणाली, "काहून ओरडून राह्यले? गाडी आपल्या दारात आली आताच."

मी धावत बाहेर. गाय होती.

तेवढ्यात मंगलाचा भाऊ प्रकाश आला. तो म्हणाला, "भाऊजी, नकाशा थोडा मागं चालत असते. गाडी गेली असंन पुढं. आपण अमरावतीच्या रस्त्यानं निघू, गाठू त्याले." मला पटलं. प्रकाशनं आपली कार काढली, तो चालवायला आणि मी बाजूला, कानाला फोन. तिकडे मंगला कॉम्प्युटरवर. असा आमचा पाठलाग सुरू झाला.

"निघाली पाहा," मंगला म्हणाली. "अमरावतीच्याच रस्त्यानं चालली."

"शाब्बास. किती पुढं हाये?"

"तुमी कुठं हाये?"

"आता शहराबाहेर पडलो."

"ते बी आताच पडली."

मी प्रकाशला म्हटलं, "दाब." त्यानं दाबली. मंगला म्हणाली, "अहो, तिनं बी वेग घेतला." मला असा ताव चढला म्हणून सांगू. श्रावणभाऊनं आरशात आपल्याला पाहिलं आणि पळतोय. ज्या माणसाला मी भाऊ म्हणतो, तो माझ्या गाठी घेऊन पळतोय. गाठी गेल्या तर जिनिंगवाल्याला काय तोंड दाखवू? काम तर गेलंच, वर हॉलमधले सगळे म्हणतील, घ्या अजून भाषण करा.

बोरगावमंजूला प्रकाशला चहाची तल्लफ आली. थांबलो. मंगला म्हणाली, "गाडी थांबली हो बोरगावला."

"बोरगावला? आम्ही पण बोरगावलाच हावो." मी गरम चहा तसाच ठेवला आणि प्रत्येक धाब्याच्या मागे जाऊन पाहिलं. एका ठिकाणी ताडपत्री लावलेला ट्रक होता, त्यावर चढून पाहिलं तर आत संत्री. संत्रीवाल्यानं मला खाली उतरवताना जे शब्द वापरले ते सोडून देऊ.

निघालो. मंगला म्हणाली, "निघाली." पुढे एका पंपावर मी पाय मोकळे करायला उतरलो. मंगला म्हणाली, "थांबली." आमच्या मंगलाचं डोकं चालतं, हे मी तेव्हाही जाणून होतो, पण तेव्हा ऐकायची तयारी नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तुमी थांबले का गाडी थांबते. तुमी निघाले का निघते. मले तर वाटते..."

"मलेही तेच वाटते," मी तिचं बोलणं तोडलं. "तो आपल्यावर नजर ठेवून हाये."

"तसं नाही म्हणत मी..."

"तू फक्त नकाशा पाह्य."

आता ऐका माझी कमाल. मी फोन ठेवून त्या अ‍ॅपच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि सांगितलं की चालक संशयास्पद वागतोय, जवळपासच्या सभासदांनी गाडी अडवावी. माहिती वाटून घ्यायची सोय होतीच ना? ती क्षणात वाटली गेली. अकोला ते अमरावती, जेवढे अ‍ॅपवाले ट्रक रस्त्यावर होते, त्या सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप गेला. मी प्रकाशला म्हटलं, "पाहिलं? याले म्हणते डिजिटल."

बडनेऱ्याच्या अलीकडे एक ट्रक आमच्या पुढे आडवा झाला. दुसरा मागून आला. तिसरा बाजूला लागला. मला वाटलं, सापडला श्रावण. आनंदानं उडी मारून उतरलो. तिन्ही ट्रकांतले ड्रायव्हर खाली उतरले, हातात मोबाईल. एक दाढीवाले चाचा पुढे आले आणि आमच्या कारखाली वाकून पाहू लागले.

"चाचा, गाडी कुठाय?" मी विचारलं.

"मियाँ, नकाशा तो यहीच बता रहा."

दुसरा म्हणाला, "कारच्या डिक्कीत पाहा."

"कारच्या डिक्कीत ट्रक?" प्रकाश म्हणाला.

"मग गाठ तर मावत असंन ना एखादी."

डिक्की उघडली. आत स्टेपनी आणि प्रकाशच्या सासूला द्यायची लोणच्याची बरणी. चाचा वैतागले. म्हणाले, "अरे, सीधा ड्रायवर को फोन लगाव ना." अ‍ॅपमध्ये तशी सोय होती, चालकाच्या चित्रावर बोट ठेवलं की फोन लागतो. चाचांनी बोट ठेवलं.

माझ्या खिशात फोन वाजला.

मी म्हटलं, "एक मिनिट हं, कोणाचा तरी फोन येऊन राहिला." उचलला. "हॅलो?"

"हॅलो," समोर उभे असलेले चाचा म्हणाले.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना शांतपणे सांगितलं, "मिल गया ट्रक."

त्या तिघांचं हसू थांबेपर्यंत हायवेची एक बाजू तुंबली होती. प्रकाश तर कारच्या बॉनेटवर पालथा पडून हसत होता. मला मात्र एकच प्रश्न. मी ट्रक असेन, तर खरा ट्रक कुठे आहे?

सूतगिरणीच्या फाटकापाशी पोचलो तर आमचा ट्रक समोरच. सावलीत श्रावणभाऊ डबा खाऊन आडवा झालेला. मला पाहून उठला आणि म्हणाला, "विलासभाऊ, सकायपासून इथंसा उभा हावो. हा शिपाई आत घेत नाही. म्हणते, तुमची गाडी अजून आलीच नाही. माह्या फोनची बॅटरी उतरली, याच्या फोनवरून तुमाले किती खेपा लावला, तुमचा आपला बिझीच."

शिपाई आपल्या जागी ठाम होता. त्याच्या स्क्रीनवर गाडी बडनेऱ्याला असेल तर समोर उभी असलेली गाडी त्याला कशी दिसणार? पण मी फाटकातून पाय आत टाकला आणि स्क्रीन हिरवी झाली. "गाडी आली," तो म्हणाला आणि दांडी वर केली. माझ्या मागून ट्रक आत आला.

पुढे वजनकाटा. काट्यावर ट्रक चढवला, तरी नोंद होईना. ऑपरेटर म्हणाला, "गाडी काट्यावर नाही दिसत." मी मुकाट्यानं काट्यावर जाऊन ट्रकला टेकून उभा राहिलो. नोंद झाली. मग मी पुढे, ट्रक मागे, अशी आमची वरात गोदामापर्यंत गेली. गाठी उतरल्या. सगळ्या व्यवस्थित, एक दोरा सुटला नव्हता.

देशमुख मॅडम खाली आल्या. मी सगळं खरं खरं सांगितलं, लपवून करतो काय, सगळ्यांच्या मोबाईलवर होतंच. त्या ओठ दाबून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माल उत्तम आहे. तुमचा हा ट्रक सकाळीच हजर होता, आमच्याच शिपायानं अडवला. काम तुम्हाला दिलं."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. श्रावणभाऊला मिठी मारली. मंगलाला फोन केला. ती म्हणाली, "मी तेच सांगत होते तुमाले," आणि मग तीही इतकी हसली की फोन तसाच चालू राहिला.

"फक्त एक आहे," मॅडम म्हणाल्या. "आमची सिस्टीम प्रत्येक खेपेनंतर चालकाला शेरा देते. तो काही मला बदलता येत नाही." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. चालकाच्या जागी माझा फोटो. खाली लिहिलेलं: मार्ग सोडून भाजीबाजारात जातो. विनाकारण थांबतो. वेग मर्यादेबाहेर. प्रवासात अखंड फोनवर बोलतो. चालक म्हणून अयोग्य, आवारात प्रवेश बंद.

तेव्हापासून काम जोरात चाललंय. परतीचाही माल मिळतो, गाडी रिकामी येत नाही. गिरणीत हिशेबाच्या बैठकीला मंगला जाते. श्रावणभाऊला तर तो शिपाई आता उठून नमस्कार करतो आणि दांडी वर करतो. मी दोघांना फाटकापर्यंत सोडतो आणि समोरच्या टपरीवर बसून राहतो. मालक आहे हो मी, पण आत जायची परवानगी फक्त माझ्या ट्रकला आहे.