माझी स्लाइड काळी का?

भूतखेत, करणी... असलं काही मी मानत नाही. गप्पा मात्र हाणतो. सोनगीरचा किल्ला दर पावसाळ्यात जरासा सरकतो, असं सांगून मी पाहुण्यांकडून फुकट चहा उकळलाय. पण ही थाप नाही.

नव्वदनंतर मी धुळ्याला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. मुंबईहून बर्फात अँटिबॉडीची बाटली यायची— अंगठ्याएवढी, पण नव्या नवरीसारखी जपायची. रक्तात रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी असतात; त्यांच्यावर रिसेप्टर, म्हणजे एक खुंटीच म्हणा, असतो. अँटिबॉडी त्याला चिकटली की खास मायक्रोस्कोपखाली पेशी हिरव्या चमकतात. पेशंटच्या शेजारी नेहमी एका धडधाकट माणसाची स्लाइड लावायची, म्हणजे बाटली चांगली आहे हे कळतं. तो धडधाकट माणूस म्हणजे मी! माझी स्लाइड अशी चमकायची की आग्रा रोडवरची दिवाळी फिकी पडावी.

एकदा अक्का, माझी थोरली बहीण, धरणगावहून लेकीला घेऊन आली. पोरीला सारखा न्यूमोनिया. तिची स्लाइड ठार काळी निघाली, लढणारी एक पेशी दिसेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे खरं असेल तर पोरगी हाती लागणं कठीण; उद्या पुन्हा बघू.

दुसऱ्या दिवशी ती सुईला घाबरून रडायला लागली, म्हणून आधी मी माझं रक्त काढून दाखवलं. हुंदके देत ती म्हणाली, "मामा, तुनं रगत मले दे ना."

मी छाती फुगवून म्हणालो, "घे, सगळं तुझं."

अक्काचा चेहरा उतरला. "भाऊ, आसं बोलू नको. भाचीले दिन्हं ते परत येस नई."

मी हसलो.

दुपारी स्लाइड पाहिल्या. तिची हिरवीगार... माझी काळी. नळ्या बदलल्यास, म्हणून डॉक्टर खेकसले. रक्तगट तपासले— माझा बी, तिचा ओ. नळ्या बरोबर होत्या. डॉक्टरांनी स्वतःचं रक्त लावलं, तेही चमकलं. काळा एकटा मीच.

पोरगी तेव्हापासून खणखणीत. मी पुढे जळगावला आलो, नव्या बाटल्या आल्या, पण माझी स्लाइड काळी ती काळीच. असं रक्त घेऊन माणूस फार दिवस काढत नाही म्हणतात. आणि मी पिंप्राळ्याच्या धुळीत स्कूटर दामटतो, तरी साधी सर्दी नाही! लोक म्हणतात नशीबवान. मला त्याचीच धडकी भरते. राखणदार तर मी देऊन बसलो... मग आत राखण कोण करतंय?

एकदा अक्काला हेच विचारलं. माझ्या शेजारी बसलेल्या लेकीला तिने उठवलं आणि आतल्या खोलीत घेऊन गेली.