तीर्थाच्या कॅनमधले मासे

माझं माहेर उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आणि सासर कळसच्या बाजूला, माळकऱ्याच्या घरात. जिथं सकाळी दारात मासळीच्या पाट्या दिसायच्या तिथून मी अशा घरात आले, जिथं एकादशीला कांद्याचा वाससुद्धा चालत नाही. लग्न ठरवताना मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते, मरळीचं कालवण सोडवत नाही म्हणून? पहिली काही वर्षं मी माहेरी गेले की आधी चुलीकडं बघायची आणि मग आईकडं.

सासरे, म्हणजे आमचे आबा, माझ्या अगदी उलट. मी तोंडाळ, ते मोजकं बोलणारे. मुंग्यांची रांग दिसली की लांबून वळसा घालून जाणारे. रागावले तर एवढंच म्हणायचे, "बरं बाई, तुजं खरं." हे ऐकलं की माझंच खोटं असावं असं वाटायला लागायचं. असल्या माणसाशी भांडताही येत नाही.

गावाच्या खालच्या अंगाला महादेवाचं देऊळ आहे आणि त्याला लागून तळं. एका बाजूला दगडी पायऱ्या, बाकी तिन्ही अंगांना पाणकणीस माजलेलं. ह्या तळ्यात गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, ही गावाची जुनी रीत. मासे देवाचे. माझ्या धाकट्या भावाला, जो फुगवट्यावर होडीतून मासे धरून पोट भरतो, पहिल्यांदा तळं दाखवलं तेव्हा तो काठावर उभा राहून हळहळलाच. "आक्का, येवढं पानी आन् एक बी जाळं न्हाय? तुज्या सासरची मान्सं येडी का खुळी?"

आबांचा जीव ह्या तळ्यातल्या दोन गोष्टींवर होता. एक मासे. माझे यजमान वालचंदनगरला पहिल्या पाळीला निघाले की आबा कणकेच्या गोळ्या घेऊन तळ्यावर जायचे. खालच्या पायरीवर बसायचे आणि बोटातली चांदीची अंगठी पितळी लोट्यावर वाजवायचे, टक टक टक. त्या आवाजाला पाणी हलायचं आणि मासे पार पायाशी यायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे हळदीकुंकू. बदकाची ही जात, चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकवाचे ठिपके. फुगवट्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला पुण्याहून गाड्या भरून लोक येतात. आमच्या तळ्यावर कुणी फिरकत नाही, पण हळदीकुंकू बारा महिने आमचं. पाणकणसात घरटं करतं आणि पावसाळा सरता सरता पिल्लांची रांग घेऊन पाण्यात उतरतं. आबा बदकिणीला 'सवाशीण' म्हणायचे. "सवाशिणीची पोरं निगाली बग," असं सांगत ते मला चुलीवरची भाकरी टाकून तळ्यावर न्यायचे. मी करवादायची आणि जायची.

आता कॅनची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आबा दर महिन्याला नरसिंहपूरला जायचे. दर्शन घ्यायचं आणि येताना नीरा-भीमेच्या संगमाचं पाणी पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये भरून आणायचं, असा नेम. एकदा परतीच्या वाटेवर त्यांची जीप थांबली. रस्त्याकडेच्या शेततळ्यांत कुणी चोरून परदेशी मांगूर पाळले होते. ह्या माशाला सरकारची बंदी आहे. तो नदीत सुटला की इथले मासे, झिंगे, बेडूक, जे तोंडात मावेल ते खातो आणि पाणी आपलं करून टाकतो. सरकारी माणसं जेसीबीने खड्डा काढून ते मासे पुरत होती. मांगूर हवेतही दम धरतो, लवकर मरत नाही. मातीखाली सगळं वळवळत होतं म्हणे.

आबांना ते बघवलं नाही. खड्ड्याच्या कडेला बोटाएवढी पिल्लं सांडली होती, ती त्यांनी गुपचूप वेचली. ठेवायला भांडं कुठलं? तीर्थाच्या कॅनमध्ये टाकली. आणि घरी यायच्या आधी देवळात जाऊन, हात जोडून, तीर्थासकट तळ्यात सोडली. घरी आले तेव्हा चेहरा असा उजळला होता की सासूबाईंनी विचारलं, "काय वो, देवानं काय दिलं?" त्यांनी सांगितलं तेव्हा घरादाराला माणूस किती थोर वाटला! नुसते मासे वाचवून भागलं नव्हतं, तीर्थात न्हाऊ घालून त्यांना देवाच्या पाण्यात सोडलं होतं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. परत आल्यावर ही कथा ऐकली, पण मासे कुठल्या जातीचे ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि पिल्लं केव्हाच खोल पाण्यात गेली होती.

ती मोठी होऊन पायरीशी यायला लागली तेव्हा मी ओळखलं. काळं चपटं डोकं, लांब मिशा, खवलं एक नाही. "आबा, ह्यो मांगूर हाय. बंदीतला."

"देवाच्या तळ्यातला हाय. त्याला मांगूर म्हनू नगं."

"देवाच्या तळ्यातल्या मरळी कुठं गेल्या मग? वाम का दिसंना? बेडकं सुदिक वरडत न्हाईत औंदा."

"बरं बाई, तुजं खरं," म्हणाले आणि लोटा घेऊन चालू लागले. मी किती वेळा सांगितलं असेल! पण त्यांच्या हातून खाणाऱ्या जिवाबद्दल त्यांच्यापाशी वाईट बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यातला एक तर त्यांचा फारच लाडका. त्याची एक मिशी तुटलेली होती. तो गोळी पाण्यात पडायची वाट बघायचा नाही, तळहातावरून उचलायचा.

मग एका आश्विनातली सकाळ. सवाशीण पिल्लं घेऊन उतरली होती आणि आबांनी मला बोलावून नेलं होतं. पिवळीकाळी पिल्लं आईमागं एका ओळीत चालली होती. पाण्यात डबकन् आवाज झाला आणि शेवटचं पिल्लू दिसेनासं झालं. आबांना वाटलं बुडी मारली. आम्ही वाट बघितली. पुन्हा डबकन्. ह्या वेळी ते तोंड आम्ही दोघांनीही पाहिलं, पायरीपासून चार हातांवर. एका बाजूची मिशी तुटलेली होती.

आबांच्या हातात तेव्हाही कणकेची गोळी होती. ती त्यांनी तशीच धोतराच्या सोग्यात बांधली. बदकीण पाणकणसाशी फिरत ओरडत राहिली आणि हा माणूस पायरीवरून उठेना. घरी आले, ताटाला हात लावला नाही. संध्याकाळी मी दिवा लावत होते तेव्हा मागून म्हणाले, "सूनबाई, तुजा भाऊ जाळं घिऊन यील का?"

मला आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस मी दुसरं काय म्हणत होते? पण त्यांचा आवाज ऐकून तो झाला नाही.

गावाला विचारल्याशिवाय तळ्यात जाळं पडणार नव्हतं. देवळापुढं माणसं जमली. रीत मोडायची म्हटल्यावर जो तो तावातावाने बोलायला लागला. आबा उभे राहिले. जन्मात चार माणसांत न बोललेला माणूस, पण म्हणाले, "ती बला मी आनली. कॅनमधनं आनली. दया केली असं वाटलं मला. आता सवाशिणीची पोरं खात्यात, उद्या पावसात वड्याच्या पान्यानं नीरंत उतरत्याल. मी आनली, मीच काडनार. तुमी निस्ती परवानगी द्या." मग गावाने परवानगी दिली. आपलेच दात, आपलेच ओठ, त्याला गाव तरी काय म्हणणार?

फक्त एका म्हाताऱ्याने, आबांचे जुने सोबती ते, निघताना सुचवलं, "तेवडं हुईपतूर माळ काडून ठेव की. काम झालं की परत घाल. कुनाला कळतंय?"

"न्हाय," आबा म्हणाले. "सोडताना गळ्यात हुती. धरताना बी आसूंद्या. देवापस्नं काय लपवायचं?"

भाऊ आला, दोन सोबती आणि मोठं जाळं घेऊन. दिवसभर ओढलं. चिखल आला, चिलापी मासळी आली, गावातल्या पोरांच्या हरवलेल्या चपला आल्या. एक कासव आलं, ते आबांनी हळूच परत सोडलं. मांगूर एक नाही. चिखलात शिरून बसायचं त्याला कुणी शिकवावं लागत नाही. भाऊ पायऱ्यांवर पाय पसरून म्हणाला, "तळं आटवल्याबिगर घावायचं न्हाय, आक्का." तळं आटवलं तर खालच्या विहिरी कोरड्या. म्हणजे झालंच.

मला उपाय ठाऊक होता. रोज तर बघत होते. पण तो मी बोलणार नव्हते. काही गोष्टी सुनेच्या तोंडून येऊ नयेत, तोंडाळ असली तरी.

आबाच बोलले. "माज्या टकटकीला येत्यात ती."

दुसऱ्या दिवशी भावाने जाळं पाण्याखालच्या पायरीवर सपाट अंथरलं, चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या आणि सगळे आडोशाला बसलो. आबा नेहमीच्या जागी बसले, नेहमीसारखे. टक टक टक. पाणी हललं. एक आला, चार आले, काळी डोकी एकमेकांवर चढू लागली. आबा गोळ्या टाकत होते. दोऱ्या ओढायची वेळ झाली की "वडा" असं त्यांनी म्हणायचं ठरलं होतं. ते किती वेळ म्हणेनात. भावाने माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, थांब म्हणून. शेवटी आबांनी हातातली सगळी कणीक एकदम पाण्यात टाकली आणि म्हणाले, "वडा."

त्यांनी अट एकच घातली होती. तडफडत ठेवायचे नाहीत आणि जिवंत पुरायचे नाहीत. जे बघवलं नाही म्हणून त्यांनी हे सगळं केलं होतं, ते पुन्हा त्यांच्या नावावर नको होतं. भावाचं दांडकं डोक्यावर एकदाच बसायचं. आबा तोंड फिरवायचे नाहीत, प्रत्येकाकडं बघायचे आणि ओठांत काहीतरी म्हणायचे. मासे आमच्या उसाच्या बांधाला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले. भावाच्या एका सोबत्याने कालवणाची गोष्ट काढली, त्याच्याकडं मी असं बघितलं की तो चुना कालवायला लागला.

असं काही सकाळी चाललं. मासे कमी होत गेले, पण तुटक्या मिशीचा जाळ्यावर येईना. लांबूनच घुटमळायचा. भाऊ कंटाळून म्हणाला, एक राहिला तर राहिला, आणि फुगवट्यावर परत गेला.

आबा गेले नाहीत. एका सकाळी मी त्यांच्यामागं तळ्यावर गेले तेव्हा ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. लोटा पायरीवर. अंगठी वाजवली, मग तळहातावर गोळी ठेवून हात पाण्याखाली धरला. तो आला. जाळं नव्हतं, माणूस ओळखीचा होता, न येऊन काय करील? गोळी घेतली आणि आबांनी दोन्ही हातांनी त्याला छातीशी कवटाळलं. मांगुराच्या कल्ल्यामागच्या पराला काटा असतो. तो त्यांच्या तळव्यात घुसला, पण त्यांनी सोडलं नाही. रक्ताने धोतर माखलं, माळेच्या मण्यांना चिखल लागला. पायऱ्या चढून वर आले.

"दांडकं आन."

"आबा, द्या, मी करते."

"न्हाय पोरी. माज्या हातनं खाल्लंय त्यानं."

त्यांनीच केलं. एकाच घावात. मग तिथंच बसून लहान मुलासारखे रडले आणि मीही रडले, मासे रांधायची आठवण काढणारी बाई असून. हात इतका सुजला की इंदापूरला सोनाराकडून अंगठी कापून काढावी लागली. पुन्हा जोडून घ्या म्हटलं, तर नको म्हणाले.

तळं लगेच काही पूर्वीचं झालं नाही. भाऊ दर उन्हाळ्यात येतो, पिल्लं राहिली असतील तर बघतो, कधी एखादा सापडतोही. पण बेडकं ओरडायला लागली आहेत आणि मागच्या वर्षी एक वाम दिसली.

यंदा आश्विनात आबांनी मला पुन्हा चुलीवरून उठवलं. सवाशीण पायऱ्यांसमोरून चालली होती आणि मागं पिल्लांची अख्खी ओळ. आम्ही पिल्लं मोजत बसलो. ती पाणकणसापर्यंत पोचली, सगळी आत गेली, तेव्हा आबांनी सुस्कारा टाकला. लोटा त्यांनी देवाला पाणी घालायला आणलेला, शेजारीच होता. नकळत त्यांचा हात त्याच्याकडं गेला आणि बोट लोट्यावर तीनदा आपटलं. अंगठी नव्हती, आवाज आला नाही. तरी ते पाण्याकडं बघत राहिले.

"कुनी येत न्हाय आता," ते म्हणाले. "बरं झालं." आणि डोळे पुसले.