शोभाचा खल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — हलकं कशाला व्हावं?

मी खामगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. मला जो काही मान आहे, तो चमकणाऱ्या भुकटीचा. यट्रियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांत किंचित युरोपियम मिसळायचं, वर अतिनील दिवा धरायचा — ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन युरोपियमकडे झेपावतो आणि पांढरी भुकटी लालभडक उजळते. पण हे युरोपियम भारी चिवट. कणभर मागे राहिलं तरी लाली दाखवतं. म्हणून पीएचडीच्या दिवसांत आमच्या प्रयोगशाळेत भुकटी घोटायच्या खलाचं सोवळंच असे. ज्याचा खल त्याचाच. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

माझ्यासोबत शोभा होती, पिंपळगाव राजाची. तिच्या घरी भाजीपाला पिकायचा. संशोधन अडलं की लग्न, या बोलीवर तिला शिकू दिलं होतं. ती टर्बियम घालायची. तिची भुकटी हिरवी चमकायची. एके दिवशी ती पिवळट चमकली. हिरव्यात लाल मिसळलं की दुसरं काय होणार?

तिने मला बाजूला घेतलं. "विलासभाऊ, खरं सांगा. माह्या खलात तुमी काही घोटलं काय?"

"नाही बा. मी काऊन घोटू?" मी म्हणालो. आणि वर, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "मेथीच्या जुड्या बांधून तशीच आली असशील, हात न धुता."

सगळे हसले. तीही थोडी हसली.

माझा खल तडकला होता — म्हणून तिचा घेतला. युरोपियम घोटलं, आम्लाने धुवायचा कंटाळा केला, रुमालाने पुसून ठेवला. आमच्या मार्गदर्शक सरांनी तिला ढिसाळ ठरवलं. आधीची सगळी निरीक्षणंही संशयात गेली. काम थांबलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर? माझा प्रबंध लांबला असता. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, तरुण होता, घाबरला. नाही. घाबरलेला माणूस पुढे गप्प तरी बसतो. मी दरवर्षी नव्या पोरांना 'एका ढिसाळ मुलीची' गोष्ट सांगत आलो — मेथीच्या जुड्यांसकट. पोरं हसतात. मी हसू देतो.

माझी खुर्ची काढायची तर काढा. माझी कीव मात्र करू नका, मला समजूनही घेऊ नका. शोभाचा खल स्वच्छ होता. तो मी बाटवला, तिच्या तोंडावर खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर मास्तरकी केली.