मावशीच्या दिरांचं विमान

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयी चार लोकांनी वाचावं असं काही लिहायला मी बसलो, हा आगाऊपणाच झाला, आणि त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण माझ्या मावशीच्या धाकट्या दिरांइतका दिखाऊ माणूस दिल्ली, गुडगाव आणि यमुनेपलीकडचं नॉयडा पालथं घातलं तरी दुसरा मिळणार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. हे काका पूर्वी एका मंत्रालयात कारकून होते. देशात नवे वारे वाहू लागले तेव्हा बाकीचे मराठी बाबू आपापल्या फायलींना जास्तच बिलगले. काकांनी मात्र राजीनामा दिला, गुडगावात एका काचेच्या इमारतीत कोपऱ्यातली खोली घेतली आणि ते लोकांना अख्खी विमानं भाड्याने मिळवून देऊ लागले. खिडकीतून समोर मोहरीचं शेत आणि बांधावर बसलेल्या म्हशी दिसत. विमान दुसऱ्याचं, वैमानिक दुसऱ्याचा, प्रवासीही दुसरेच. मधला रुबाब तेवढा काकांचा.

मी पहाडगंजात एका खोलीत तिघांबरोबर राहून कॉलेज करत होतो आणि सुट्टीच्या दिवशी काकांकडे फोन घ्यायला जात होतो. फोन कमी यायचे, व्याख्यानं जास्त व्हायची. काकांच्या मते जगात माणसांचे दोनच वर्ग होते: विमानात ताठ उभं राहू शकणारे, आणि वाकून चालावं लागणारे. लहान विमानाला ते ‘डबी’ म्हणत, तिकीट काढून जायच्या साध्या विमानाला ‘हवेतली शेअर ऑटो’, आणि रेल्वेचा विषय निघाला तर नाकाला रुमाल लावत. स्वतः विकत असलेल्या विमानाला मात्र नुसतं विमान म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘‘लार्ज केबिन म्हण, लार्ज केबिन! अख्खी पार्टी एकत्र बसते, गरम जेवते, चौघं समोरासमोर बसून मीटिंग करतात. आणि माणूस ताठ उभा राहतो, यार!’’ हे सांगताना ते स्वतः ताठ उभे राहात. काका इतके बुटके होते की ते कुठल्याही विमानात, किंबहुना विमानातल्या कपाटातसुद्धा, आरामात ताठ उभे राहिले असते.

त्यांच्या घरी गेलं तरी सुटका नव्हती. बैठकीच्या खोलीत त्यांनी खुर्च्या दोन-दोन अशा समोरासमोर मांडल्या होत्या आणि भिंतीला एक लांब सोफा लावला होता, हुबेहूब विमानातल्यासारखा. आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी ते विचारत, ‘‘खिडकीशी बसणार की मधे?’’ खिडकीतून शेजारच्यांचा कूलर दिसायचा. मावशी म्हणायची, ‘‘भावोजींकडे चहाला जायचं म्हणजे पदराबरोबर पट्टाही बांधून बसावं.’’ पण सगळ्यात लाज आणली ती त्यांच्या वजनं विचारायच्या खोडीने. विमानाच्या धंद्यात प्रवाशांची आणि सामानाची वजनं आधी कळवावी लागतात. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती विचारायचं कारण काय?

‘‘वहिनी, वजन?’’

‘‘इश्श! काय विचारताय भावोजी!’’

‘‘पर्सनल नाही हो. बॅलन्सचा प्रश्न असतो. बिल्कुल खरं सांगा.’’

त्या बाईंनी लाजत पन्नास सांगितलं. काका माझ्याकडे वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘साठ धर.’’ पुढच्या संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगूळ पुष्कळ उरला.

एकदा धीर करून मी विचारलं, ‘‘काका, तुम्ही स्वतः कितीदा बसलात त्यात?’’ त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. ‘‘कॉलेजवाले, हलवाई स्वतःचे पेढे खातो का?’’ म्हणजे एकदाही नाही. गुडगावातून दिल्लीत यायला ते बसने येत, आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून धौला कुआंच्या गर्दीच्या स्टँडच्या एक थांबा अलीकडेच उतरत.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुक्ता साधी मुलगी. तिला सासरही साधंच मिळालं होतं. तिचे सासरे दिल्लीतच केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दोन्हीकडचे बहुतेक नातेवाईक पुण्यात, म्हणून लग्न पुण्याला. मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळचा. मुक्ता आणि काकू आठ दिवस आधी गाडीने गेल्या. काका मागे राहिले, कारण व्याह्यांना आदल्या दिवशी लार्ज केबिनमधून न्यायचं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आतली गोष्ट अशी की त्या दिवशी एक विमान पुण्याची गिऱ्हाइकं आणायला दिल्लीहून रिकामंच जाणार होतं, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीवर विमानाच्या कंपनीने ते काकांना वापरू दिलं होतं. व्याह्यांना मात्र काकांनी ‘‘खास तुमच्यासाठी बुक केलंय’’ असं सांगितलं. मुक्ताने ऑफिसात मला फोन केला. ‘‘बाबांना सांग, कशानेही या, पण वेळेवर या. कन्यादान दुसऱ्या कुणी केलेलं मला चालणार नाही.’’ मी निरोप दिला. काका म्हणाले, ‘‘पोरगी वेडी आहे. सगळ्यांच्या आधी मीच पोचणार.’’

त्या सकाळी पालमच्या विमानतळावर धुकं होतं. साध्या विमानांची दाणादाण उडाली होती आणि लग्नसराईत कशातही जागा नव्हती. दुपारकडे जरा उजाडलं आणि आमचं विमान निघायला तयार झालं. मी सामान चढवायला होतो. वरपक्षाची सगळी माणसं आणि काका मिळून खुर्च्या बरोबर भरल्या. काका सगळ्यात मागे, संडासाशेजारच्या खुर्चीत पट्टा बांधून बसले होते आणि खुर्चीच्या कातड्यावरून हळूच हात फिरवत होते. तेवढ्यात नवरदेवाच्या आत्या पानिपतहून जीपने येऊन हजर झाल्या, बरोबर आहेराच्या घोंगड्यांचं गाठोडं. गुडघे दुखतात, मी काही येत नाही, असं त्या दोन महिने सांगत होत्या. आपल्याकडे ‘मी येत नाही’ याचा अर्थ ‘पुन्हा आग्रह करा’ असा असतो, हे लहान मूलही जाणतं. काकांनी दिल्लीत इतकी वर्षं काढून ते खरं मानलं होतं आणि खुर्च्या मोजून ठेवल्या होत्या.

‘‘एवढं मोठं विमान म्हणे,’’ आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या, ‘‘त्यात मी एक म्हातारी जड झाले होय?’’

‘‘छे छे! सरका रे जरा,’’ व्याही लांब सोफ्यावरच्या तिघांना म्हणाले. तिघं सरकले. आत्याबाई मधे टेकल्या.

सरदारजी कॅप्टन आले. ‘‘सर, बेल्ट तीन हैं. चौथी सवारी नहीं जाएगी.’’

‘‘अहो, आमच्याकडे गाडीत एका बाकावर सहा बसतात!’’ व्याही म्हणाले.

‘‘ये गाड़ी नहीं है, सर.’’

‘‘बाळ, तू माझ्या मांडीवर ये,’’ नवरदेवाचे चुलते सोफ्यावरच्या एकाला म्हणाले. तो बाळ एम.बी.ए. झालेला होता. कॅप्टननी घड्याळाकडे पाहिलं. पुण्यात त्यांची गिऱ्हाइकं खोळंबली होती. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. बोला आता, लार्ज केबिन! वरपक्षातल्या कुणाला उतरवलं असतं तर मुक्ताला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि नवरदेवाच्या आत्येला परत पाठवणं तर त्याहून वाईट.

काकांनी पट्टा सोडला. ‘‘अरे यार, ऑफिसात एक अर्जंट कागद राहिलाच! आत्याबाई, या, इथे बसा, हवा चांगली येते. मी येतो मागून.’’

‘‘मागून कशाने?’’ व्याह्यांनी विचारलं.

‘‘आपल्याला काय, उडायला मशीनं कमी आहेत का!’’ काका मोठ्याने हसले आणि जिना उतरले.

विमान धुरकट आभाळात दिसेनासं होईपर्यंत ते कोटाची बटणं लावून उभे होते. मग रिक्षावाल्याला म्हणाले, ‘‘निजामुद्दीन.’’ पुण्याची गाडी सुटतच होती. आम्ही जनरलच्या डब्यात घुसलो. मी का चढलो हे मला अजून कळलेलं नाही. त्यांना दारापर्यंत सोडून परत फिरायचं ठरवलं होतं. काकांनी नाकाला रुमाल लावला नाही. पाठीशी कुणाचं तरी पत्र्याची ट्रंक आणि मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं मूल, असे ते रात्रभर बसून राहिले. ‘‘अंकल, क्या काम करते हो?’’ असं समोरच्याने विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘‘ट्रॅव्हल.’’

धुक्याने गाडीला मथुरेपासूनच उशीर झाला आणि तो वाढतच गेला. दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तेव्हा आम्ही मनमाडच्याही अलीकडे, भर माळावर सिग्नलला उभे होतो. काकांच्या मोबाइलला रेंज नव्हती. त्यांनी तो उंच धरून पाहिला, खिडकीबाहेर काढून पाहिला, पुसून पाहिला. मग मला वेळ विचारली. मी सांगितली.

काका उठून उभे राहिले. मंगलाष्टकांना बसून राहात नाहीत. त्या कोंबलेल्या डब्यात त्यांनी कोट सारखा केला, हात जोडले आणि डोळे मिटून ओठ हलवत राहिले. त्यांची जागा तेवढ्यात एका माणसाने घेतली. मी त्याला उठवायला लागलो, तर काकांनी डोळे न उघडताच मला हाताने अडवलं. तोपर्यंत त्यांच्याविषयी मी मनात जे जे म्हटलं होतं ते बहुतेक खरंच होतं, पण त्या वेळी मला त्यातलं काही आठवेना.

गाडी हलली. बऱ्याच वेळाने एका स्टेशनाजवळ फोन वाजला. मावशीचा होता, आणि तिचा आवाज एवढा मोठा की मलाही सगळं ऐकू येत होतं.

‘‘भावोजी, अक्षता पडल्या.’’

काकांनी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, ‘‘छान. व्याह्यांची पंगत नीट झाली ना, वहिनी? काही कमी पडलं नाही ना?’’

‘‘पंगत कसली! आत्याबाई भटजींसमोर पाटावर ठाण मांडून बसल्यात. म्हणतात, मुलीचा बाप माझ्यासाठी विमानातून उतरला, तो आल्याशिवाय कन्यादान नाही आणि आमच्यातला कुणी जेवणार नाही. मुक्ताही तिथेच बसलीय. कितीही उशीर होऊ दे, भावोजी, तुम्ही या.’’