दाराला लावलेला दगड

ताईच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून तिथे एक दगड लावलेला असायचा. करडा, अभ्रकाने चमचमणारा, त्यावर पांढऱ्या रंगाचा बाण. डोंगरात असताना दगडाची कुठली बाजू वर होती, ते दाखवणारा. केर काढताना एकदा मी तो उलटा ठेवला, तर भाऊजी असे खेकसले! एरवी आमटीत मीठ नसलं तरी चकार शब्द न काढणारा माणूस.

भाऊजी खडकांचे अभ्यासक. अर्धं वर्ष डोंगरात, उरलेलं नकाशांत. ताईच्या वाट्याला चिखलाचे बूट. त्यांचा एकच धोशा होता, की तो दगड जिथून आणला त्या डोंगराचे थर उलटलेत. एरवी जुना थर खाली, नवा वर. पण हा डोंगर गादीसारखा दुमडलाय, म्हणून जुनं वर आलंय. कचेरीतले हसायचे. तोंडावर हसायचे, मेले! ताई म्हणायची, "कळेल एक दिवस सगळ्यांना." तिला त्या थरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्यावर विश्वास होता, बस.

भाऊजी गेले. दगड जिथला होता तो कडा रस्त्यासाठी सिमेंटखाली गाडला गेला. मग एक दिवस त्यांच्या हाताखाली शिकलेली बाई आली.

"काकू, आता खडकाचं वय काढता येतं. खालच्या थराचं काढलंय. वरच्याचा हा एवढाच तुकडा उरलाय. हा जुना निघाला की सर बरोबर. पण सगळा कुटावा लागेल."

"देऊ नकोस गं," मी म्हटलं. "त्यांच्या हातचं तेवढंच आहे."

"त्यांचं नाव होईल," ताई म्हणाली. तिने दगड ओल्या फडक्याने पुसला. बाईच्या पिशवीत ठेवतानाही बाण वरच ठेवला.

दार आपटायला लागलं. मी लाकडाची पाचर आणली, ती ताईने लावू दिली नाही. म्हणे, निकाल येऊ दे.

बाई फोन न करता स्वतः आली, तेव्हाच मी काय ते समजले. दगडातले कण खालच्या थरापेक्षा नवे निघाले होते. काही उलटलं नव्हतं. सर चुकले होते. सांगता सांगता तीच रडायला लागली.

ताईने तिला पाणी दिलं. "चुरा उरलाय का थोडा?"

"नाही हो, काकू."

"बरं."

ती गेल्यावर ताई खुर्चीत बसली. भाऊजी गेल्यापासून ऊठसूट 'आज ते हवे होते' म्हणणारी माझी बहीण. भाजी चांगली झाली तरी तेच, नळ गळला तरी तेच.

"बरं झालं गं, ते नाहीत," ती म्हणाली.

आणि मग ती जी रडली, तशी ते गेले त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिला धरून बसले. दार आपटत होतं, पण उठून लावावं असं दोघींनाही वाटलं नाही.