वरून दिसलेलं हिरवं

मोठ्या विमानतळांवर पायलटची वाट कोणी बघत नाही. लातूरच्या धावपट्टीवर मात्र एक म्हातारा रखवालदार माझी वाट बघायचा. जिल्हा नवा, त्यात दुष्काळ. मी अधिकाऱ्यांना घेऊन वरचेवर यायचो. विमानाचा आवाज आला की तो पट्टीवर चरणाऱ्या आपल्या दोन गाई हाकलायचा, आणि मी उतरलो की गुळाचा खडा नि तांब्याभर पाणी पुढं करायचा. त्या गूळपाण्याची मला ओढ लागली होती.

अधिकारी जीपमधून गेले की तो हळूच विचारायचा, "साहेब, वरून कुठं हिरवं दिसलं का?"

एकदा मला नाही म्हणवेना. खोटंच सांगितलं, "देवणीकडं थोडं दिसलं."

पुढच्या खेपेला पट्टी मोकळी होती.

"गाई कुठं आहेत?"

"देवणीकडं घेऊन गेलतो. तीन दिस चाललो. तिथंबी काय न्हाई. येताना वाटंतच बसल्या, उठल्याच न्हाईत."

माझी मान वर होईना. त्यानं नेहमीसारखा गूळ हातावर ठेवला.

"जाऊ द्या साहेब. लई उंचावरून बघता तुम्ही. चुकतंय माणसाचं."

तांब्यात अर्धंच पाणी होतं. मी ते सगळं प्यालो. नको म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.